सात नंबरच्या टाकीचं घराणं

प्रयोगशाळेत आलेल्या नव्या शास्त्रज्ञ बाईचं वागणं मोठीआईला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. समोर जिवंत माणूस उभं असताना त्याच्याशी बोलायचं सोडून चिठ्ठी चिकटवायची, ही कुठली तऱ्हा? खाद्याच्या बरणीवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, जाळ्या वाळत घालायच्या दांडीवर चिठ्ठी. मोठीआईची शाळा दुसरीतच सुटलेली. आकडे तिला फाडफाड वाचता येत, पण अक्षरं एकेक करून ओढावी लागत. त्यातून बाईचं अक्षर म्हणजे शाईत बुडून निघालेली मुंगी. एक चिठ्ठी वाचून होईतो दोन टाक्या धुऊन झाल्या असत्या.

"दिवसभर माशांची तोंडं तपासते," मोठीआई घरी धाकट्या जावेला म्हणाली, "आणि स्वतःचं उघडायचं म्हटलं की हिच्या अगदी जिवावर येतं."

"तुमच्यासमोर तोंड उघडायला धीर लागतो, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मला अकरा वर्षं लागली."

"तेव्हाही नसतं उघडलंस तरी चाललं असतं."

मोठीआई हे घरातलं नाव. मुलगे, सुना, नातवंडं सगळे तिला तेच म्हणत, आणि ते नाव कधीतरी तिच्यामागून कामावरही गेलं होतं. तिचं काम माशांच्या खोलीत. खोली लांबट, बिनखिडक्यांची, बारा महिने कोमट. लोखंडी मांडण्यांवर खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या टाक्या, आणि त्यांत बोटाच्या पेराहून जरा मोठे, अंगावर निळ्या पट्ट्यांचे मासे. हे मासे खाण्यासाठी नव्हते, शोभेसाठीही नव्हते. पिल्लू अंड्यात कसं घडतं ते बघण्यासाठी शिकलेल्या लोकांनी ते पाळले होते. त्यांची अंडी काचेसारखी आरपार, म्हणून आतलं सगळं दिसतं.

आदल्या संध्याकाळी मोठीआई एका टाकीत नर आणि मादी सोडायची, मधे पारदर्शक पडदी घालून. सकाळी आठला दिवे लागले की पडदी उचलायची. टाकीच्या तळाला जाळी असायची, कारण या आईबापांचा काही भरवसा नाही. घातलेली अंडी मटकवायला ते मागेपुढे बघत नाहीत. जाळीतून खाली निसटलं ते अंडं वाचलं. मग ती अंडी गाळणीत धुऊन, मोजून, काचेच्या चपट्या डबीत घालून द्यायची. तीस वर्षं हेच.

तीस वर्षांपूर्वी ती इथे फरशी पुसायला आली होती. नवरा तडकाफडकी गेलेला, पदरात दोन मुलगे. एका दिवशी थोरल्या सरांनी, म्हणजे ज्यांनी ही खोली उभी केली त्यांनी, तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोप पुढे सरकवला. "बघा," म्हणाले. तिने बघितलं. एवढंसं पिल्लू, आणि त्याच्या छातीत काहीतरी धडधडत होतं.

"अगं बाई, ह्याचं काळीज तर उघड्यावरच आहे," ती म्हणाली.

सर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. दुसऱ्या दिवसापासून फडकं सुटलं. सर जाऊन आता चार वर्षं झाली होती. त्या एका 'बघा'बद्दल मोठीआईने त्यांच्या माघारी जितके आभार मानले, तितके त्यांच्या तोंडावर मानायला ती कधी धजली नव्हती.

अशा खोलीत ही नवी बाई आली, आणि चौथ्या महिन्यात, एका मंगळवारी, पहिल्यांदाच चिठ्ठी न लावता मोठीआईसमोर उभी राहिली. हातात चपटी डबी.

"मोठीआई, सात नंबरच्या टाकीत मासे मिसळले आहेत."

सात नंबर ही थोरल्या सरांनी सुरू केलेली ओळ, म्हणजे वेगळं राखलेलं घराणं. त्या माशांत चेहऱ्याची हाडं घडवणारं एक जनुक मोडकं होतं. मोडकं जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असं दोन्हीकडून आलं की पिल्लाचा जबडा नीट घडत नाही. सांधा जिथे सुटा राहायचा तिथे चिकटतो, तोंड वासलेलंच राहतं, आणि घास घेता न आल्यामुळे पिल्लू आठ-दहा दिवसांत जातं. मोठीआई अशा पिल्लांना 'रडकी' म्हणायची, कारण ती सतत भोकाड पसरल्यासारखी दिसत. आई आणि बाप दोघांकडे एकेक मोडकं असलं की शंभरात पंचवीस रडकी. हे गणित तिला शाळेवाचून पाठ होतं.

"शंभरात पंचवीस निघायला हवीत," बाई म्हणाली. "तीन निघाली. मी दोनदा मोजली. म्हणजे या टाकीत कुणीतरी धडधाकट मासे टाकलेत. आणि टाक्या तुमच्या ताब्यात असतात."

"म्हणजे मी टाकले."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत की. फक्त वळसा घालून म्हटलंत."

बाई लाल झाली, पण मागे हटली नाही. "शुक्रवारच्या बैठकीत मोठ्या साहेबांपुढे मला हे सांगावं लागेल. ही ओळ आता विश्वासाची नाही, टाकी रिकामी करावी लागेल. आणि तुमचं वय बघता काचसामानाच्या खोलीत तुम्हाला काम हलकं पडेल, असं मी सुचवणार आहे."

काचसामानाची खोली म्हणजे दिवसभर बाटल्या विसळणं. तिथे एकही जीव नाही. मोठीआईने हातातली जाळी दांडीवर अडकवली आणि ओले हात कमरेवर ठेवले.

"बाईसाहेब, तीस वर्षांत माझ्या हातून अंडी सांडली आहेत. एकदा पंप जळला. एकदा पाहुण्या साहेबांच्या बुटात अख्खी टाकी ओतली. सगळं कबूल. पण या टाकीतला मासा त्या टाकीत? माझे मुलगे आणि जावेचे मुलगे, चौघे एकाच कापडाचे सदरे घालून शाळेत जायचे. कधी एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात गेला नाही. मासे काय मिसळीन?"

"मग तीन का?"

"ते तुम्ही शिकलात ना, तुम्ही सांगा. ह्याच डबीतल्या पिल्लांच्या शेपट्या तपासा. मोडकं जनुक नाही निघालं, तर टाकी मी माझ्या हाताने पालथी करते, आणि बाटल्या विसळायला स्वतःच्या पायांनी जाते."

शेपटीचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढून त्यावरून जनुक ओळखायचं, ही इथली रोजची तपासणी. आधी शंका घेतली आणि तपासणी आठवली नाही, हे बाईच्याही ध्यानात आलं असावं. ती डबी घेऊन गेली.

मोठीआईने आवाज चढवला खरा, पण घरी जाताना ती भाजी घ्यायलाही विसरली. मासे तिने मिसळले नव्हते. तिने दुसरंच काहीतरी केलं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

रात्रीच्या भांड्यांच्या वेळी तिने धाकटीला स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सांगितलं.

"सरांनी आखून दिलं होतं," ती म्हणाली. "दर सहा महिन्यांनी सात नंबरची पुढची पिढी वाढवायची. तपासणीवाला सांगेल त्या माशांच्या चार-पाच जोड्या लावायच्या, आणि कुठल्याही एका जोडीची पिल्लं ठेवायची. न निवडता. डोळे मिटून हात घालावा तशी."

"मग?"

"मी डोळे मिटले नाहीत. पाचव्या दिवशी पिल्लं खायला लागतात ना, तेव्हा मी प्रत्येक जोडीची डबी बघायची. एका डबीत वीस-बावीस रडकी, दुसरीत सतरा. मग मी सतरावाल्यांची ठेवायची. पुढच्या खेपेला चौदावाल्यांची. त्यांना तोंड वासून नुसतं फिरताना बघवत नाही गं. सहा वर्षं हेच केलं. आता तीनवर आली."

धाकटीने भांड्यावरचा हात थांबवला. "मग हेच सांगा त्या बाईला."

"सांगितलं तर सरांचा नियम मोडला म्हणून जाईन. नाही सांगितलं तर मासे मिसळले म्हणून जाईन."

"मिसळले हे खोटं आहे, जाऊबाई. नियम मोडला हे खरं आहे. जायचंच झालं तर खऱ्यावरून जा."

धाकटी फार बोलत नसे. पण बोलली की तिच्यावर काही बोलायला जागा उरत नसे, आणि मोठीआईला याचाच राग यायचा. त्या दिवशी आला नाही.

गुरुवारी दुपारी बाई माशांच्या खोलीत आली ती चष्मा डोक्यावर आणि केस कुठल्या कुठे. मोठीआई टाकीच्या कडांवरचं शेवाळ खरवडत होती. बाई पालथ्या बादलीवर बसली.

"पंचवीसच आहेत," ती म्हणाली. "शंभरातल्या पंचवीस पिल्लांत जनुक दोन्हीकडून मोडकं. गणित बरोबर. टाकी बरोबर. आणि त्या पंचवीसांतल्या बावीस जणांचे जबडे चांगले आहेत. मोडक्या जनुकाला बाजूला सारून चांगले आहेत. हे व्हायला नको." तिने एक श्वास घेतला. "मोठीआई, मी चुकले. तपासल्याशिवाय बोलले."

मोठीआईने दोन दिवस शब्दांना धार लावून ठेवली होती. एकेक शब्द असा की ऐकणाऱ्याला आठवडाभर झोंबावा. पण बादलीवर बसलेल्या या पोरीचे खांदे बघितले आणि ती धार कुठे लावावी हेच तिला कळेना.

"उठ," ती म्हणाली. "तुला एक दाखवते. मग कोण चुकलं ते ठरव."

तिने खाद्याच्या कपाटाचं दार पूर्ण उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते. टाकी धुताना तिच्यावरची आकडा लिहिलेली पट्टी काढावी लागे. मोठीआईने सात नंबरच्या पट्ट्या कधी टाकल्या नव्हत्या. लिहिता येत नाही तर टिपून ठेवायचं कसं, म्हणून तिने त्या इथे चिकटवल्या. एका ओळीत एका खेपेच्या सगळ्या जोड्या. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलच्या रेघा, जितकी रडकी तितक्या. ज्या जोडीची पिल्लं ठेवली, तिच्याभोवती गोल. अकरा ओळी होत्या. वरच्या ओळीत रेघांची गर्दी, आणि खाली खाली येता विरळ होत गेलेली.

बाईने बोट ठेवून पहिली ओळ वाचली. मग दुसरी. पाचव्या ओळीला ती गुडघ्यांवर बसली, अकराव्या ओळीला फरशीवर.

"सरांनी न निवडता म्हटलं होतं," मोठीआई म्हणाली. आवाज तिला नको होता तितका बारीक झाला होता. "मी निवडलं. मिसळणारी मी नाही, पण नियम मोडणारी मी आहे. आता सांग साहेबांना काय सांगायचं ते."

बाईने अकराव्या ओळीवरचं बोट पुन्हा पहिलीवर नेलं. मग म्हणाली, "तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय म्हणून तर घाम फुटलाय."

"नाही, नाही. चला माझ्याबरोबर."

बाईच्या टेबलावर एका काचेवर दोन पिल्लं होती, सहा दिवसांची, रंगवलेली. या रंगात बाकी सगळं अंग पुसट होतं, कूर्चा, म्हणजे कोवळं मऊ हाड, निळी होते आणि पक्कं हाड लाल. मोठीआईने डोळा लावला. तीस वर्षांत तिने या जिवांची लाखो तोंडं उघडताना आणि मिटताना पाहिली होती. आतली चौकट तिने आज पहिल्यांदा पाहिली. निळ्या काड्यांची एक कमान, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे बारीक फासळ्यांसारख्या आणखी. जिथे वरचा जबडा खालच्याला भेटतो तिथे केसाएवढी फट. दुसऱ्या, रडक्या पिल्लात ती फटच नव्हती. दोन्ही काड्या एकात एक गेलेल्या.

"तो सांधा," बाई म्हणाली. "अंडं एका दिवसाचं असतं ना, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूने पेशींचे थवे खाली उतरतात, चेहरा होणार असतो तिथे. कुणी खालचा जबडा व्हायचं, कुणी वरचा, आणि मधे कुठे सांधा सोडायचा, हे जनुकं ठरवतात. आपलं मोडकं जनुक त्यांतलंच. पण या जनुकाला भावंडं आहेत. एकाच मुळातून निघालेली, त्याच्यासारखीच. चेहरा घडताना ती मागे मागे असतात. सगळ्या माशांत ती सारखी जागी नसतात. माझा अंदाज असा, की काही घराण्यांत ती जरा जास्त जागी असतात, म्हणून मोठं भावंड मोडलं तरी काम त्यांनी उचललेलं असतं. तुम्ही सहा वर्षं तेच घराणं निवडत गेलात. अंदाज आहे हां. खरा की खोटा हे कळायला वर्ष-दीड वर्ष जाईल."

मोठीआईने डोळा उचलला नाही.

"म्हणजे जावा," ती म्हणाली.

"काय?"

"थोरलीने अंथरूण धरलं की धाकटी पदर खोचते. तिला कुणी सांगावं लागत नाही. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ह्या घरात काही मोडलंच नाही."

बाई हसली, आणि मग हसायची थांबली, कारण मोठीआई हसत नव्हती.

नवरा गेला तेव्हा मोठीआई तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. धाकटीला तेव्हा या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधं, दारावरची माणसं, सगळं तिने केलं. मोठीआई उठली तेव्हा घर जागच्या जागी होतं. लोक म्हणायचे, थोरली खमकी म्हणून सावरलं. थोरलीने लोकांची ही चूक कधी दुरुस्त केली नव्हती. आज बाईला मात्र तिने सगळं सांगितलं.

त्या संध्याकाळी तिने घरी पिशवी ठेवायच्या आधीच धाकटीला सांगितलं, "आज तुझं नाव निघालं होतं कामावर."

"अगं बाई. कशावरून?"

"चांगल्यावरून. तीन महिने तू घर धरलंस, ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

धाकटीने पुढे येऊन तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये," ती म्हणाली, आणि मग पाठ वळवून बराच वेळ आधीच पुसलेला ओटा पुसत राहिली.

शुक्रवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत लांब टेबल, आठ माणसं, आणि दाराजवळच्या खुर्चीत मोठीआई, हात मांडीवर. या खोलीत ती पूर्वी दोनदा आली होती, दोन्ही वेळा पडदे उतरवायला. साहेबांपुढे बाईचा मंगळवारचाच कागद होता. मासे मिसळल्याचा.

"तो कागद चुकीचा आहे," बाई उभी राहून म्हणाली. "मी तपासणी न करता लिहिला. मोठीआईंनी एकही मासा मिसळलेला नाही. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, आणि तो मी सर्वांसमोर परत घेते."

मग तिने कपाटाच्या दाराचा मोठा फोटो टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी अकरा ओळी बघितल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितल्या.

"पण सूचना न निवडता ठेवायची होती," ते म्हणाले. "ती पाळली गेली नाही."

"नाही गेली," बाई म्हणाली. "पाळली गेली असती तर ही सात नंबरची टाकी इतर कुठल्याही टाकीसारखी असती. सूचना मोडली हे खरं. पण त्यांनी दर खेपेचं टिपून ठेवलं, आणि मी विचारायच्या आधी स्वतः दाखवलं."

साहेब मोठीआईकडे वळले. "का निवडलंत?"

"साहेब, सगळी पोरं जेवायला बसली आणि चारांतल्या एकाला घास घेता येत नसला, तर तुम्हाला बघवेल? ज्या घरात कमी रडत होती ते घर मी वाढवलं. एवढंच. पुढचं शास्त्र तुमचं."

टेबलापाशी कुणीतरी खोकलं. साहेबांनी मंगळवारचा कागद घडी करून बाईकडे परत दिला. "सात नंबर राहील," ते म्हणाले. "आणि माशांची खोली ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहील. मात्र यापुढे निवडायचं तर सांगून निवडा."

"सांगून," मोठीआई म्हणाली. तिच्या मांडीवरचे हात आत्ता कुठे सैल पडले.

"एक अडचण आहे," साहेब बाईला म्हणाले. "ताडून बघायला याच्या उलट घराणंही लागेल. जास्त रडक्यांचं, पिढ्यान् पिढ्या निवडलेलं. ते कोण करणार?"

सगळ्यांची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे गेली. नाही म्हणायचा आपल्याला आता हक्क नाही असं मोठीआईला वाटलं, आणि ती हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात बाई बोलली.

"ते मी करीन. पाचव्या दिवशीच्या डब्या मी बघीन, आणि निवड माझी असेल. मोठीआईंकडे सातच राहू दे."

बैठक संपली. माणसं बाहेर पडली. बाई फोटोची गुंडाळी करत होती, ती काही केल्या सरळ होत नव्हती. मोठीआईने तिच्या हातातून ती घेतली, टेबलावर आपटून दोन्ही कडा सारख्या केल्या आणि परत दिली.

"ऐक," ती म्हणाली. "तू घायकुती आहेस. माणसाआधी आकडा बघतेस. हे दोन दोष तुझ्यात आहेत, आणि कुणी विचारलं तर मी ते झाकणार नाही. पण जिथे माझी मान खाली घालायला निघाली होतीस तिथेच सगळ्यांसमोर वर केलीस, आणि आवाज जराही खाली आणला नाहीस. जे मला बघवत नाही ते स्वतःच्या डोळ्यांवर घेतलंस, आणि मी मागितलंही नव्हतं. सरांनंतर माझ्या हाताचं काम वाकून बघणारी तू पहिली. तेव्हा माझा निकाल असा, पोरी, की तू चांगली आहेस, आणि तुझे उपकार मी तुझ्या तोंडावर मानते आहे."